गडग्यापलीकडचं जायफळ

जायफळात नराचं झाड वेगळं असतं आणि मादीचं वेगळं. नराला नुसती फुलं येतात. फळ मादीला धरतं, आणि तेही आसपास नर असेल तरच. एवढी तीन वाक्यं मी चाळीस वर्षांपूर्वी माझ्या आगरातून शेजारच्या आगरात जाऊन द्वारकाकाकूंना सांगायला हवी होती. मधे कमरेएवढा दगडांचा गडगा होता. एरवी तो ओलांडायला मला कधी अडचण आली नव्हती.

या अंकासाठी माझ्याकडे हापूसच्या कलमांवर लेख मागितला आहे. कलमांवर लिहीनच, कारण त्यांच्यावरच माझं पोट भरलं. पण कलमांबद्दल सांगणारे रत्नागिरीत माझ्यापेक्षा जाणते पुष्कळ आहेत. जायफळाची ही गोष्ट मात्र माझ्याशिवाय इथे कोणाला ठाऊक नाही. ठाऊक असलेली दोन माणसं होती. त्यातला एक पूर्णगडचा तांडेल, त्यालाही अर्धीच ठाऊक; दुसरी माझी बायको. दोघंही आता नाहीत.

आमचं घर रत्नागिरीपासून चालत तासाभराच्या वाटेवर. घरामागे आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. तिला विहिरीवरून पाटाचं पाणी. वडिलांनी हौसेनं चिकू, रामफळ, जाम, नीरफणस अशी झाडं लावली होती. मी त्यांची रोपं करून विकायला लागलो. हा धंदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. इंग्रजी तीन यत्ता झाल्या, पुढे जमेना, आणि घरात बसलेल्या मुलानं काहीतरी करायला हवं होतं.

तेव्हा आंब्याची कलमं भेटीनं बांधत. रायवळ आंब्याचा बाठा मडक्यात रुजवायचा. रोप वर्षाचं झालं की ते मडकं उचलून हापूसच्या झाडापाशी न्यायचं, माच बांधून फांदीच्या उंचीवर ठेवायचं. रोपाची आणि फांदीची थोडी थोडी साल काढून दोघांना अंगाला अंग लावायचं, केळीच्या सोपटानं आवळायचं आणि वरून शेणमातीचा लेप द्यायचा. दोन-तीन महिन्यांत सांधा धरतो. मग रोपाचा शेंडा उडवायचा आणि हापूसची फांदी सांध्याखाली कापायची, तीसुद्धा एकदम नव्हे. आज थोडी खाच, आठ दिवसांनी आणखी थोडी. घाई केली तर कलम वाळतं. माझ्या अंगात थोडाफार धीर आला असेल तर तो या खाचांनी आणला. नको तिथेही मी तो वापरला, ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. सांगलीकडचे एक निवृत्त शिरस्तेदार कार्तिकात आले आणि म्हणाले, "कलम घेईन, पण आधी या झाडाचा आंबा चाखून बघेन." मी म्हटलं, "वैशाखात या." तर म्हणाले, "म्हणजे तोवर तुम्ही दुसऱ्या झाडाचा आणून ठेवणार!" शेवटी त्यांनी झाडाच्या खोडावर चाकूनं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, वैशाखात बैलगाडीनं घाट उतरून परत आले, अक्षर शोधलं आणि मग आंबा खाल्ला. खाऊन झाल्यावर हात धुतले आणि एकच कलम घेतलं. दुसरे एक मास्तर. चिकूचं रोप जगत नाही म्हणून तीनदा भांडायला आले. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, पाणी किती घालता, ऊन किती, खत कोणतं? सगळं बरोबर. मग त्यांचा धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा दर रविवारी उपटून बघतात, मुळं धरली का ते."

हे सगळे मला फसवणारा समजत, आणि मी त्यांना कधी फसवलं नाही. माझ्याकडून जो खोटेपणा झाला तो गिऱ्हाइकाशी झाला नाही. झाला तो विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी.

माझ्या लहानपणी वडिलांनी गोव्याहून जायफळाची दोन रोपं आणली. एक आमच्या आगरात विहिरीपाशी लावलं, दुसरं गडग्यापलीकडे द्वारकाकाकूंच्या यजमानांना दिलं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं घराच्या मागीलदारी लावलं आणि झाड धरायच्या आधीच ते वारले. काकूंचं झाड आठव्या वर्षी धरलं. पिवळं फळ उकलायचं, आत काळी कवची, तिच्यावर जायपत्रीची लालभडक जाळी. काकू फळांच्या सालींचं लोणचं घालत, जायपत्री सुपात वाळवत, जायफळं बाजारात पाठवत. नवऱ्याच्या हातचं झाड आपल्याला पोसतं, असं त्या म्हणत, आणि त्यात फार खोटं नव्हतं. त्यांच्याकडची ताजी फळं घेऊन मी जायफळाची रोपंही करत असे.

आमच्या झाडाला फुलं येत ती घोसांनी. वास सुटे. फळ मात्र एक नाही. काकू गडग्यापाशी येऊन मला चिडवत, "काय रे अण्णा, तुमचं मेलं नुसतं नटतंय. माझं बघ कसं लेकुरवाळं!"

वडील असेपर्यंत ते झाड राहिलं. "सावली देतंय ना? असू दे," म्हणायचे. ते गेल्यावर दोन वर्षांनी मला मडकी ठेवायला उन्हाची जागा हवी झाली. तिसाच्या सालाच्या थोडं आधीची गोष्ट. कार्तिकात मी ते झाड पाडलं. काकूंनी गडग्याशी उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस हो. वांझ झाड दारात नको."

पपईत नर असतो हे मला ठाऊक होतं. कोकमाच्या रातांब्यात असतो हेही. पण पपई आणि रातांबे आमच्याकडे दर परसात; एक नर तोडला तर दुसऱ्याच्या परसातला असतोच. त्यामुळे नर तोडल्यानं कोणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नव्हतं. जायफळातही नर असेल हे डोक्यात आलं नाही, आणि फुलावर आलेली जायफळं सगळ्या पंचक्रोशीत तेव्हा दोनच होती.

पुढच्याच वैशाखात काकूंच्या मुलाचं, दत्तूचं, लग्न झालं. दत्तू मुंबईला एका पेढीवर कारकून. लग्न करून पंधरा दिवसांनी आगबोटीनं परत गेला आणि सुमती इथे सासूपाशी राहिली. ती देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका गावची. डोंगरात वाढलेली, समुद्र प्रथमच बघत होती. मोठ्यानं हसायची. पहिल्यांदा जायपत्री पाहिली तेव्हा तिनं ती तळहातावर धरून मला गडग्यावरून दाखवली. "अण्णा, याला कुंकवात बुडवून काढलंय का हो कोणी?" झाडाचं तिला वेड लागलं. तांदूळ धुतलेलं पाणी रोज न चुकता त्याच्या बुंध्याशी. बाजूला बसायचे चार दिवस ती मागच्या पडवीत असे, आणि पडवीसमोर जायफळच होतं.

त्या पावसाळ्यात जायफळाला फळं आली ती बोटावर मोजण्याइतकी. पुढच्या वर्षी एकही नाही. फुलं यायची, गळायची. काकूंचा चेहरा उतरला. त्यांना गमावलेल्या जायफळांचं तेवढं वाटत नव्हतं. नवऱ्याच्या हातची शेवटची खूण आपल्यावर रुसली, असं त्यांनी मनात घेतलं. त्यातच लग्नाला वर्ष उलटून गेलं तरी सुमतीकडे काही चाहूल नव्हती. बायका आल्या की विषय निघे. एक म्हणे नवी सून आल्यापासून, दुसरी म्हणे पडवीत बसते ना ती झाडासमोर.

श्रावणातल्या एका दुपारी काकूंनी मला हाक मारली. पडवीत शेजारच्या चौघीजणी बसल्या होत्या.

"अण्णा, तू झाडांतला माणूस. लांबून लांबून लोक तुला विचारायला येतात. बघ आणि सांग. हिचा विटाळ त्याला बाधलाय का?"

मी झाडाभोवती फिरलो. पान तुकतुकीत, खोडाला कीड नाही, मुळाशी पाणी तुंबलेलं नाही. मला काही म्हणजे काही कळेना. 'मला कळत नाही' एवढं म्हणायचं होतं. पण चौघीजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि झाडांतला माणूस म्हणून मी गडगा ओलांडून आलो होतो. मी म्हटलं, "असेलही. नाजूक जात आहे. पानवेलीला नाही का चालत, त्यातलंच."

सुमती माजघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. सूप भिंतीला टेकवून आत गेली.

गणपतीला दत्तू आला, त्याला सगळं सांगितलं गेलं, आणि विसर्जन झाल्यावर सुमतीला तिचा भाऊ माहेरी घेऊन गेला. काकू मला म्हणाल्या, "कायमची नाही रे पाठवली. मी काय राक्षसीण आहे? झाड पुन्हा मार्गावर येऊ दे, मग बघू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सून त्यांनाही आवडत होती.

मार्गशीर्षात पूर्णगडचे हसनमियाँ तांडेल आले. सारं आयुष्य जहाजांवर गेलेला माणूस. माझ्या धंद्याच्या सुरुवातीला माझ्याकडून जायफळाचं एक रोप घेऊन गेले होते. घरच्या झोपाळ्यावर बसावं तसे माझ्या माचावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही मला बाप्या दिलात."

"म्हणजे?"

"झाड फुललं. घोसच्या घोस. फळ येणार नाही, मी ओळखलं. तिकडे मलायात, पिनांगला जायफळाच्या बागा बघितल्यात मी. बाया दहा आणि बाप्या एक, असं राखतात. बाप्या नसला तर बाया फुलतात आणि फुकट जातात." त्यांना राग नव्हता, गंमत वाटत होती. "मला एक बाई द्या आता. तुमचा बाप्या कुठाय? दिसत नाही."

"पाडला."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

तांडेलांनी गडग्यापलीकडे मान वळवली. "आणि ती?"

"दोन वर्षं धरत नाही."

"मग बरोबर आहे की!" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

माझी बायको चहा घेऊन मागच्या दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. तांडेल गेल्याबरोबर ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि काकूंना सांगा."

"सांगतो. पण नुसतं सांगून पटायचं नाही त्यांना. आधी झाड धरवून दाखवतो."

"झाड धरेपर्यंत त्या पोरीनं काय करायचं?"

मी मडक्यांना पाणी घालायला गेलो. खरं कारण मला ठाऊक होतं. पाच बायकांसमोर निवाडा दिलेला माणूस मी. तो मागे घ्यायचा म्हणजे नर मीच पाडला आणि मलाच कळलं नाही, हे कबूल करायचं. शिवाय नक्की धरेल म्हणून विकलेली माझी जायफळाची रोपं गावोगाव उभी होती. त्यातली निम्मी नर निघणार होती. झाडांतला माणूस म्हणून मिळवलेलं नाव एका वाक्यात जाणार होतं. कलम उतरवताना मी धीर धरायला शिकलो होतो. तोच इथे वापरला. आज थोडं, पुढे थोडं.

पौषापासून मी पूर्णगडला जायला लागलो. तांडेलांच्या झाडाच्या फुललेल्या डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मचव्यानं समुद्रातून आणायच्या आणि काकूंच्या झाडात अडकवायच्या. बारीक किडे नराच्या फुलावरून मादीच्या फुलावर जातात आणि काम करतात. काकूंनी विचारलं, "कसल्या रे डहाळ्या?"

"औषधी आहेत. यानं कीड पळते."

किडे यावेत म्हणून बांधलेल्या डहाळ्यांबद्दल मी हे सांगितलं. असल्या पाच-सहा खेपा झाल्या.

पावसाळ्यात झाड धरलं. भरगच्च नव्हे, पण गडग्याच्या बाजूच्या, जिथे माझा हात पोचला होता त्या फांद्या पिवळ्या फळांनी लवल्या. पहिलं फळ उकललं तेव्हा काकू धावत गडग्याशी आल्या. मीही आनंदानं पुढे झालो. आता सुमतीला बोलावतील, मग सावकाश सगळं सांगता येईल, असं माझ्या मनात होतं.

"बघितलंस अण्णा? तू म्हणालास तेच खरं. ती गेली आणि वर्षाच्या आत धरलं."

मी कसंबसं म्हटलं, "काकू, औषधानंसुद्धा असेल..."

"औषध कसलं मेलं! दोन वर्षं तांदळाचं पाणी पीत होतं तेव्हा धरलं नाही, आणि तुझ्या चार काटक्यांनी धरलं? घर निवळलं, दुसरं काही नाही." आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटत होतं रे, खोटं ठरावं म्हणून. रोज देवाला सांगत होते. पण आता डोळ्यांनी बघितलं."

ती वेळ होती. झाड धरवून दाखवतो, असं मी बायकोला म्हटलं होतं. झाड धरलं होतं, त्याचं कारण मला ठाऊक होतं, समोर काकू होत्या, आणि माझं ते बोलणं खोटं ठरायला त्यांना हवंच होतं. मी जायफळ हातात घेऊन बघितल्यासारखं केलं आणि चांगलं आहे म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात दत्तूनं दुसरं लग्न केलं. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. त्या दिवशी माझी बायको जेवली नाही आणि मला जेवायला वाढलंही नाही. लग्नघरी मात्र दोघं गेलो.

आता या दुसरीवर आळ येऊ नये, म्हणून मी दर वर्षी पूर्णगडच्या डहाळ्या आणत राहिलो. माझा प्रत्येक हेलपाटा सुमतीला आणखी दोषी करत होता आणि मी तो थांबवूही शकत नव्हतो. काकूंच्या फळांची पाच रोपं मी आमच्या आगरात लावली. सात वर्षांनी त्यातलं एक नर निघालं, तेव्हा माझ्या फेऱ्या संपल्या. गिऱ्हाइकांना मात्र मी तेव्हापासून खरं सांगू लागलो: जायफळ एक लावू नका, पाच लावा, नर निघेल तो एक राखा. जुन्या गिऱ्हाइकांना गाठून बदली रोपं दिली. कोणी नाव ठेवलं नाही. उलट प्रामाणिक माणूस म्हणून धंदा वाढला. म्हणजे ज्या भीतीपोटी मी गप्प बसलो तिच्यात काही तथ्यच नव्हतं.

काकू पिकल्या वयात गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला बोलावून झाडाकडे लक्ष ठेव म्हणून सांगितलं. तेव्हाही मी बोललो नाही. मरणाऱ्या बाईला कशाला त्रास, अशी मनाची समजूत घातली.

बायको गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, मी देवरूखला गेलो. सुमती तिथे भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहत होती. शिवणकाम करायची. केस पांढरे झालेले. मला तिनं लगेच ओळखलं आणि कोकमाचं सरबत दिलं.

"वहिनी," मी सुरुवात केली.

"वहिनी नका म्हणू, अण्णा. ते नातं राहिलंय कुठे? सुमती म्हणा."

मी सगळं सांगितलं. झाड पाडल्यापासून डहाळ्यांपर्यंत, काही न गाळता. ती शिवणाचं कापड मांडीवर ठेवून ऐकत होती. नराचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "रातांब्यातही असतो की. आमच्याकडे पोरंसुद्धा ओळखतात." मग विचारलं, "हे सासूबाईंना सांगितलंत?"

"नाही."

"यांना?"

"दत्तूला? नाही. तोही गेला मागल्या साली."

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. मला वाटलं रडेल, किंवा मला घालवून देईल. दोन्हींतलं काही झालं असतं तर मी हलका होऊन परत आलो असतो. ती म्हणाली, "मग मला कशाला सांगायला आलात, अण्णा? मी काही केलं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." आणि कापड उचलून पुन्हा टाके घालू लागली.

त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांतही मी खाच थोडी थोडीच कापत बसलो.

पलीकडच्या घरात आता दत्तूची मुलं आहेत. जायफळ अजून धरतं. माझा नर विहिरीच्या उजव्या हाताला उभा आहे. ज्याला बघायचा असेल त्यानं यावं, फुलं उघडून दाखवीन. त्या घरात अजून एक रीत पाळतात: सुनेनं ते चार दिवस मागच्या पडवीत यायचं नाही, जायफळ रुसतं. का, असं कोणी विचारलं तर सांगतात, पूर्वी एकदा रुसलं होतं, झाडांतल्या माणसानंच तसं सांगितलं होतं.

तो माणूस मी. आणि मी खोटं सांगितलं होतं.

येत्या वैशाखात त्या घरात धाकट्याची बायको येते आहे. हा अंक हातात पडला की पहिली प्रत देवरूखला पाठवावी, असं मनात होतं. पण सुमतीनं ज्यांना सांगायला सांगितलं ते इथेच आहेत, कमरेएवढ्या गडग्यापलीकडे. पहिली प्रत घेऊन मी तिकडे जाईन. गुडघे आता धड नाहीत, तेव्हा गडगा चढणं होणार नाही. पुढच्या दारानं जाईन.